पौरुष पोशाखात शोधणाऱ्यांस

गेल्या पंचमीला पालखी देवळात परतल्यावर अग्रशाळेत चार मंडळी बसली असता एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या नातवाची कागाळी मांडली. नातू पडद्यावर कसला तरी व्हिडिओ गेम खेळत होता आणि त्यातला वीर बायकांचा पोशाख करून, तोंडावर झिरझिरीत पडदा ओढून एका नगरात हिंडत होता. ‘हेच का आता मुलांनी शिकायचे?’ असा त्यांचा सवाल. त्यांच्या तरुण पुतण्याने री ओढली, ती निराळ्या अंगाने. पूर्वीच्या खेळांत क्रेटॉससारखे खरे मर्द असत. आताशा त्यालाही मूल सांभाळणारी दाई करून टाकले, हे त्याचे दुःख. या काका-पुतण्यांचे सहसा कशावर एकमत होत नाही. येथे मात्र झाले. पौरुष हे दंडाच्या फुगवटीत आणि अंगावरच्या वस्त्रात असते, हे दोघांनीही न बोलता गृहीत धरले होते. आमचा वाद त्या गृहीताशी आहे.

वर्णनावरून नातवाचा खेळ ओळखणे कठीण नव्हते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या १९८६ पासून चालत आलेल्या जपानी मालिकेतील २०१७ सालचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ तो. त्यात लिंक नावाचा वीर वाळवंटातील गेरुडो नगराच्या वेशीशी येतो. नगर स्त्रियांचे; पुरुषाला प्रवेश नाही. वाळवंटात एक अजस्र यंत्रपशू विजा पाडीत फिरतो आहे, त्याला आवरायचे तर नगराच्या अल्पवयीन राणीचे साहाय्य हवे. लिंक स्त्रीवेष मिळवतो आणि पहारेकरणींसमोरून आत जातो. आत गेल्यावर वेष उतरवलाच, तर त्याला धरून बाहेर काढतात. या साऱ्यात त्याचे धैर्य यत्किंचितही उणावत नाही. मग उणावले ते काय?

विराटाच्या घरी नर्तनशाळेत बृहन्नडा होऊन राहिलेला अर्जुन या मंडळींना चालतो. तो उर्वशीचा शाप होता, नाइलाज होता, असे कोणी म्हणेल. परंतु शमीवृक्षावरून गांडीव उतरवून कौरवसेनेसमोर तो उभा राहिला तेव्हा वेष कोणता होता, हे कथेनेच सांगितले आहे. आणि म्हार्दोळला ज्या श्रीम्हाळसेपुढे हेच गृहस्थ माथा टेकवितात, ते नारायणाचे मोहिनीरूप म्हणून पुजले जाते. देवळात जे सहज पचते ते पडद्यावर दिसताच घशात का अडकावे, हे त्यांनीच सांगावे.

वस्त्रावरून माणूस ओळखण्याची खोड किती जुनी आहे, याचा एक नमुना या खेळांच्याच इतिहासात आहे. १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’मध्ये सामस नावाचा चिलखतधारी योद्धा होता. इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख पुल्लिंगी होता आणि खेळणाऱ्यांनीही तो पुरुषच मानला. खेळ पुरेशा लवकर संपवला की अखेरीस चिलखत उतरे आणि आत स्त्री निघे. चिलखताने कोणाला फसवले नव्हते. ‘लढतो तो पुरुष’ हे खेळणाऱ्याने आपल्या पदरचे घातले होते. तथापि हा खेळ स्त्रीगौरवाचा म्हणून मिरवणाऱ्यांनाही एक सांगावयास हवे. खेळ जितक्या कमी वेळात संपवावा, तितके सामसच्या अंगावरचे वस्त्र कमी, अशी त्या बक्षिसाची योजना होती.

आता क्रेटॉस. ‘गॉड ऑफ वॉर’ २००५ साली आला. (हे खेळ प्रौढांसाठी आहेत, लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत, एवढे काकांच्या बाजूने बोलून ठेवतो.) स्पार्टाचा हा सेनानी युद्धदेव एरिसच्या कपटाने स्वतःच्याच पत्नीचा आणि कन्येचा वध करतो आणि त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटते. पुतण्याला जो पांढराफटक देह मर्दानी वाटतो, त्याचा पांढरा रंग तो हा. ज्याला तो मर्दांचा मेरुमणी म्हणतो त्याचे पहिलेच दृश्य कोणते? दुःस्वप्नांना कंटाळून तो कड्यावरून समुद्रात उडी घेतो. खेळाचा आरंभच त्याच्या पराभवाने होतो, आणि हे विसरून केवळ दंड मोजीत बसणाऱ्यांनी खेळ पाहिला असे कसे म्हणावे?

पुढे २०१० च्या तिसऱ्या भागात एक दार उघडे धरण्यासाठी तो एका बंदिवान स्त्रीला चाकाला जखडतो. ती विनवण्या करते. तो पुढे जातो. ती चिरडली जाते. कादंबरीत हे वाचले असते तर दोष लेखकाचा म्हणून आपण मोकळे झालो असतो. येथे तिला ओढीत नेण्यासाठी कळ खेळणाऱ्याचे बोट दाबते. हे पौरुष असेल, तर पुतण्याने ते स्पष्ट शब्दांत मागावे.

‘दाई’ झालेला क्रेटॉस २०१८ चा, कोरी बारलॉगच्या दिग्दर्शनाखालचा. दुसरी पत्नी वारली आहे. तिची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळायची आहे. बरोबर लहान मुलगा एट्रियस. बाप त्याला नावाने क्वचितच हाक मारतो, बहुधा नुसते ‘पोरा’ म्हणतो. झुंजीत एका कळीवर पोराचा बाण सुटतो, म्हणजे मुलगा अक्षरशः बापाच्या अंगठ्याखाली असतो. पुढे पोर आजारी पडते. औषधासाठी मृतांच्या गारठलेल्या लोकात जायचे, तर तेथे परशूतील हिमशक्ती निरुपयोगी. तेव्हा बाप घराच्या जमिनीखाली पुरलेली जुनी, साखळदंडांची पाती उकरून काढतो. याच पात्यांनी त्याचे पहिले घर संपले होते. अथेना समोर प्रकटून म्हणते, तू राक्षसच राहशील. तो ते नाकारीत नाही. आता मी तुझा राक्षस नाही, एवढेच म्हणतो.

जुने पाप पुसले गेले म्हणून टाळ्या पिटणाऱ्या समीक्षकांशीही म्हणून आमचे जमत नाही. काही पुसलेले नाही. तेच हात आहेत, तेच शस्त्र आहे, मनगटावर त्याच साखळ्यांचे वण आहेत. ते उचलण्याचे कारण तेवढे बदलले. आणि २०२२ च्या ‘रॅग्नारॉक’मध्ये जो मुलगा एका कळीपुरता होता तो काही काळ खेळणाऱ्याचा स्वतःचा देह होतो: खेळ बापाच्या हातून सुटून मुलाच्या हाती जातो, आणि शेवटी बाप त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतो.

त्या रात्री उठता उठता चौकशी केली तेव्हा कळले की, पुतण्याने २०१८ चा खेळ जमिनीखालची पाती वर निघण्यापूर्वीच सोडून दिला होता. आणि काकांनी नातवाला एवढेही विचारले नव्हते की, बाबा, हा त्या नगरात शिरला तो कशासाठी?