सोय कोणाची पाहावी?

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हल्लीं प्रवासाची गोष्ट निघाली कीं शहाणपणाची चौकशी कोणी करीत नाहीं. पहिला प्रश्न निघतो तो सोयींचा. उतरण्यास जागा कशी आहे, स्नानास ऊन पाणी मिळतें कीं नाहीं, जेवणांत आपल्या चवीचे पदार्थ असतात कीं नाहीं, ह्या प्रश्नांचीं उत्तरें मनाजोगतीं मिळालीं तर तें स्थळ चांगलें, न मिळालीं तर वाईट, असा सोपा निवाडा आपण करून टाकतों. हा निवाडा कितपत न्यायाचा आहे, ह्याचा विचार करावा असें एका प्रवासानंतर मला फार वाटूं लागलें आहे. तोच विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

उन्हाळ्याच्या सुटींत वरच्या वर्गांतील कांहीं मुलांना घेऊन हिमाचल प्रदेशांतील काझा येथें जावयाचें ठरलें होतें. त्याकरितां पालकांची सभा भरली. एका गृहस्थांनीं विचारलें, “तेथें चांगलीं हॉटेलें आहेत ना?” मीं सांगितलें, “थोडीं आहेत. परंतु आम्ही कांहीं दिवस जवळच्या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं उतरणार आहों.” “मग खोलीगणिक स्नानगृह?” “नाहीं.” “पाण्याचा नळ तरी?” “असला तर आहे, नसला तर नाहीं.” सभा संपली तेव्हां एकोणीस नांवांपैकीं अकरा उरलीं होतीं. ज्यांनीं नांवें मागें घेतलीं त्यांना मी दोष देत नाहीं. मुलांची काळजी करणें हें आईबापांचें कामच आहे. मात्र त्या सभेंत दोन निरनिराळे प्रश्न एकांत एक मिसळले गेले. मुलगा सुखरूप परत येईल कीं नाहीं, हा एक प्रश्न; आणि मुलाला घरच्यासारखें सुख मिळेल कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देण्यास शिक्षक बांधलेला आहे. दुसऱ्याचें उत्तर देतांना मात्र त्या सुखाचें मोल कोण देतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

काझा हें लाहौल व स्पिती ह्या जिल्ह्यांतील स्पिती खोऱ्याचें मुख्य ठाणें. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १२,००० फूट आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावर दुसरें कळसूबाई रचलें तरी तें काझ्याच्या खालींच राहील. जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें १३,८०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ३१,५६४ भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरास सरासरी दोन-तीन माणसें. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिणेकडील रांगांवर अडतात, त्यामुळें ह्या खोऱ्यांत पाऊस फारच थोडा. डोंगर उघडे, नदीचें पात्र दगडगोट्यांचें, आणि मध्येंच कोठें पाटाचें पाणी पोंचलें असेल तेवढा हिरवा तुकडा. थंडीचें बर्फ उन्हाळ्यांत वितळतें. तें पाणी गांवकरी लांबून पाटानें आणतात व पाळीपाळीनें शेतांना देतात. वर्षांत पीक एकच: जव आणि वाटाणा.

येथें जाण्यास वाटा दोन आहेत. मनालीकडील वाट रोहतांगखालच्या बोगद्यामुळें लाहौलपर्यंत सोपी झाली आहे. नऊ किलोमीटरांचा हा बोगदा २०२० सालीं खुला झाला. परंतु त्यापुढें सुमारें १५,००० फूट उंचीची कुंझुम खिंड ओलांडावी लागते, व ती हिवाळाभर बर्फाखालीं असते. दुसरी वाट शिमल्याहून सतलजच्या कांठानें किन्नौरांतून जाते. ती बहुतेक वर्षभर चालू असते, परंतु दरडी कोसळून मधूनमधून अडते. आम्ही दुसरी वाट धरली, व मुद्दाम सावकाश गेलों. रामपूर, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करीत पांचव्या दिवशीं काझ्यास पोंचलों. ह्या सावकाशपणास कारण आहे. बारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोन-तृतीयांश राहतो, म्हणून दर श्वासागणिक शरीरास प्राणवायु कमी मिळतो. घाईनें वर गेलेल्या धडधाकट माणसासही डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश होतो, आणि प्रसंगीं जीवावरही बेततें. अशी लक्षणें दिसलीं कीं आणखी वर जाऊं नये; तीं वाढूं लागलीं तर विलंब न करितां खालीं उतरावें. निघण्यापूर्वीं प्रत्येक मुलाची प्रकृति वैद्यांकडून तपासून घेतली होती. ही सारी सुरक्षिततेची बाब झाली. तिच्यांत काटकसर करणारा शिक्षक मुलें नेण्यास लायक नव्हे.

आतां सुखाच्या प्रश्नाकडे वळूं. काझ्यास दोन दिवस विसावा घेऊन आम्ही वरच्या बाजूस लांगझा ह्या खेड्यांत गेलों. घर मातीच्या विटांचें, भिंती जाड, छप्पर सपाट. त्यावर इंधनासाठीं गोवऱ्या व काटक्या रचून ठेवलेल्या. मधल्या खोलींत शेगडी, आणि तिच्याभोंवतीं सारें कुटुंब. यजमानीणबाईंस सर्व मुलें त्यांच्या रीतीप्रमाणें ‘आमा’ म्हणूं लागलीं. आमांनीं सातूचें पीठ व लोणी घातलेला खारा चहा पुढें ठेवला. पहिल्या घोटास पुष्कळांचीं तोंडें वांकडीं झालीं. तिसऱ्या दिवशीं तीच मुलें तो मागून घेऊं लागलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमांनीं हातपाय धुण्यासाठीं एक बादली ऊन पाणी बाहेर आणून ठेविलें. तें आम्हां सर्वांसाठीं होतें. आमच्यांतील एका मुलानें घरच्या संवयीनें त्यांतील अर्धें पाणी डोकें धुण्यांत संपविलें, व आणखी पाणी मागण्यास तो आंत गेला. आमा एक शब्द बोलल्या नाहींत. त्यांनीं दिवसाच्या सांठ्यांतून दुसरी बादली भरून शेगडीवर ठेविली, आणि त्यांची मुलगी, त्याच मुलाच्या वयाची, दोन रिकामे डबे उचलून बाहेर पडली. गांवचा नळ त्या दिवशीं बंद होता. तो मुलगा कांहीं वेळ दारांत उभा राहिला, मग तिच्यामागून गेला. परत येतांना एक डबा त्यानें घेतला होता. झऱ्यापासून घरापर्यंतच्या चढावर तो चार वेळां थांबला. ती एकदांही थांबली नाहीं. हें त्यानेंच रात्रीं सर्वांसमक्ष सांगितलें. त्याला कोणी रागावलें नव्हतें, आणि तशी गरजही नव्हती.

शौचकूपाविषयीं पालकसभेंत फार चर्चा झाली होती, म्हणून त्याबद्दलही लिहितों. ह्या घरांतील शौचकूप माडीवर होता. तेथें पाणी वापरीत नाहींत. वरून माती व राख टाकावयाची. खालच्या बंद खोलींत खत तयार होतें, आणि ठरल्या वेळीं तें शेतांत जातें. मुलें प्रथम हंसलीं. मग आम्ही हिशेब केला. आपल्या शहरी शौचकूपांत एका वेळेस सहा ते दहा लिटर पाणी जातें. अकरा मुलें व एक शिक्षक ह्यांनीं तसें केलें तर एका दिवसांत आमांच्या मुलीस किती खेपा घालाव्या लागतील? पुन्हा थंडींत नळांतलें पाणीच गोठतें. अशा ठिकाणीं आपल्या पद्धतीचा शौचकूप म्हणजे सुधारणा नसून अविचार होय. ज्याला आम्ही उणीव समजत होतों ती कित्येक पिढ्यांनीं विचारपूर्वक बसविलेली व्यवस्था निघाली. तरीही काझ्याच्या हॉटेलांत शहरी पद्धतीचे शौचकूप बसविले जात आहेत, कारण पाहुणे ते मागतात.

येथें कोणी म्हणेल, “तर मग त्या लोकांनीं जन्मभर हालांत राहावें, आणि आपण जाऊन त्यांच्या साधेपणाचें कौतुक करावें, असें आपलें मत आहे काय?” मुळींच नाहीं. दुसऱ्याच्या गैरसोयीस सात्त्विकपणा म्हणणें ही चैनी मनुष्याची लबाडी आहे. बारमाही रस्ता, सज्ज इस्पितळ, चांगली शाळा, अखंड वीज ह्या गोष्टी काझ्यास हव्या आहेत, आणि तेथील रहिवाशांचा त्यांवर तुमच्याआमच्याइतकाच हक्क आहे. प्रवाशांपासून त्यांस चार पैसे मिळतात, हेंही मोठें साहाय्य आहे. आमांच्या घरीं आम्ही दिलेलें भाडें वाटाण्याच्या पिकास जोड म्हणून उपयोगीं पडतें. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, गांवाची सोय व पाहुण्याची सोय ह्या एकच नव्हेत. इस्पितळ झालें तर त्याचा लाभ गांवास बारा महिने होतो, आणि पाहुण्यासही होतो. पाहुण्यासाठीं रोज भरलेली पाण्याची टांकी मात्र झऱ्यावरच्या रांगेंतून काढलेली असते.

हें दूरच्या मुलखापुरतेंच खरें आहे असें समजूं नये. शिमला हें तर प्रवाशांच्या सर्व सोयींनीं सजलेलें गिरिस्थान. तेथें २०१८ च्या उन्हाळ्यांत पाण्याचा इतका तुटवडा पडला कीं लोकांस दिवसचे दिवस टँकरची वाट पाहावी लागली, आणि शाळा कांहीं काळ बंद ठेवाव्या लागल्या. प्रवासाचा हंगाम ऐन भरांत असतां मुलांची शाळा पाण्यावांचून बंद पडावी, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं तरी विसरूं नये. आपल्या सह्याद्रींतही पावसाळ्यांत धो धो पाऊस पडणाऱ्या कित्येक वाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायकांस हंडाभर पाण्यासाठीं डोंगर उतरावा लागतो. आणि त्याच दिवसांत आपण थंड हवेसाठीं त्या डोंगरांवर जातों.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणें अवश्य आहे. लांगझ्याच्या आसपासच्या काळ्या खडकांत चक्राकार शिंपल्यांचे दगड सांपडतात. कोट्यवधि वर्षांपूर्वीं जेथें समुद्र होता तेथें आज हिमालय उभा आहे, ह्याची ती साक्ष होय. आपल्या देवघरांतील शाळिग्राम हे ह्याच जातीच्या प्राण्यांचे अवशेष. एक-दोन मुलांनीं ते दगड खिशांत घातले होते. मीं विचारलें, “प्रत्येक प्रवाशानें एकेक नेला तर तुमच्या मुलांनीं येथें येऊन काय पाहावें?” दगड जागच्या जागीं ठेवले गेले. सोबत नेलेला कचरा मात्र आम्ही पिशव्यांत बांधून शिमल्यापर्यंत परत आणला, कारण तो नाहींसा करण्याची व्यवस्था त्या खेड्यांत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, अशा ठिकाणीं अवश्य जा. तेथें सोयी नाहींत म्हणून जाऊं नका असें सांगणारांचें ऐकूं नका, आणि तेथें सोयी नाहींत म्हणून कुरकूर करावयाची असेल तर घरींच राहा. यजमान जें जेवतो तें जेवा. तो पाणी ज्या मापानें वापरतो त्याच मापानें वापरा. त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला घासाघीस न करितां द्या. त्याच्या घराचें, देवळाचें वा मुलांचें चित्र घेण्यापूर्वीं परवानगी मागा. आपण तेथें कांहीं दिवसांचे पाहुणे असतों, आणि पाहुण्याचा धर्म आपल्या घरांत आजीनें आपणांस शिकविलेलाच आहे: यजमानाच्या घरीं काय आहे तें पाहून मागावें.

आणि पालकांस एकच विनंति. पुढील सहलीच्या सभेंत आपण जरूर यावें व मुलांच्या प्रकृतीविषयीं, वाटेविषयीं, औषधपाण्याविषयीं वाटेल तितके प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें तयार ठेवणें माझें काम आहे. परंतु “तेथें आमच्या मुलाची सोय काय?” असें विचारतांना सोबत “आमच्या मुलामुळें तेथें कोणाची गैरसोय होईल काय?” असेंही विचारावें. जो मुलगा हा दुसरा प्रश्न घरून ऐकून निघेल, त्याला डबा उचलण्यासाठीं लांगझ्याच्या झऱ्यापर्यंत जाण्याची गरज पडणार नाहीं.