लेखनिक दिला की झाले?

‘लेखनिक देतो, वाढीव वेळ देतो, आणखी काय हवे?’ दृष्टिहीन उमेदवाराने संगणकावर स्वतः परीक्षा देऊ द्या म्हटले की हे उत्तर ठरलेले. ज्याला लेखनिक हवा त्याला तो मिळालाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण जो रोज पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो, त्याला परीक्षेपुरते दुसऱ्याच्या डोळ्यांच्या हवाली का करायचे? उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्याहून एक पायरी कमी हवे, असे केंद्राची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगत होती. म्हणजे पदवीधराला बारावी झालेला मुलगा वर्गमूळ वाचून दाखवणार. ‘अधिक चार’ मुळाच्या आत की बाहेर, यावर उत्तर फिरणार. तिसऱ्यांदा ‘पुन्हा वाच’ म्हणताना संकोच होतो. यंत्राच्या कपाळाला आठी पडत नाही.

लेखनिकाच्या बाजूने विकास कुमार खटल्याचा दाखला दिला जातो. 2021 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मंजूर केला हे खरे. पण का? सोय ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे ठरवावी म्हणून. तोच न्याय इथे लावा.

‘स्क्रीन रीडरने कॉपी होईल’ हा आक्षेप तर बिनबुडाचा. पडद्यावर जे आहे तेच तो बोलतो. संगणक केंद्राचा, इंटरनेट बंद, वायरचे हेडफोनही केंद्रानेच द्यावेत. खर्चाचेही रडगाणे नको: एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. अडते ते परीक्षेच्या सॉफ्टवेअरपाशी. इतर प्रोग्राम रोखताना ते स्क्रीन रीडरलाही रोखते. त्याला तेवढी मुभा द्यायची, बस्स.

आकृत्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. आलेखाचे वर्णन लिहा. जमत नसेल तर पर्यायी प्रश्न द्या. पण साधे समीकरणही चित्र म्हणून डकवले, तर कानावर फक्त ‘ग्राफिक’ एवढेच येते. तेच मॅथएमएल या गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत लिहिले तर नीट वाचून घेता येते. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटातल्या मराठीची तर निव्वळ निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येतात. पर्याय निवडायला माऊसच लागत असेल, बटणांना नावेच नसतील, तर वाढीव वेळ घेऊन करायचे काय?

परीक्षेचे काम देतानाच या अटी कंत्राटात घाला. आणि 2018 च्या त्याच तत्त्वांत संगणकाचा पर्याय होता, यंत्रणा आदल्या दिवशी तपासू द्यावी असेही लिहिले होते. लेखनिकाचे कलम तोंडपाठ असणाऱ्यांनी या दोन गोष्टीही प्रवेशपत्रावर छापाव्यात.