घराच्या विम्यात घर येतं, घरातला कापूस नाही



पीकविम्यावर आपण चौकात तास तास बोलतो. एक रुपयाचा विमा बंद झाला, आता हिस्सा भरावा लागतो, यावर भांडतो. पण घराच्या विम्याचं विचारलं की दहातले आठ म्हणतात, "बँकेतून कटते ना दरवर्षी." भाऊ, मे महिन्याच्या शेवटी खात्यातून जे ४३६ आणि २० रुपये कटतात, ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे. पहिला मरणाचा, दुसरा अपघाताचा. घराची एक वीट त्यात नाही. घरकर्जासोबत जो विमा दिला जातो, तोही बरेचदा कर्जदाराच्या जिवावरचा असतो. कागद काढून पाहा.

दुसरं ऐकायला येतं, "सरकार देतेच ना." देते. किती, ते पाहू. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषात सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. अर्धवट पडझड, आणि तीही निदान १५ टक्के असली, तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. ६,५०० मध्ये टिना तरी बसतात का, तुम्हीच हिशोब करा.

म्हणून घराचा विमा घ्यावा या मताचा मी आहे. पण आत काय आहे ते समजून घ्यावा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांसाठी एकाच मसुद्याची पॉलिसी आणली, नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड, झाड किंवा गाडी घरावर आदळणं, दंगल, हे सगळं त्यात येतं. घर म्हणजे फक्त चार भिंती नाही. त्याच जागेवरचं कंपाउंड, फाटक, पाण्याची पक्की टाकी, सेप्टिक टँक, बायोगॅस, छपरावरचं सोलर, हेही घरातच मोजतात. बायोगॅसचं बहुतेकांना माहीतच नाही. वावरातला सोलर पंप मात्र यात नाही.

रक्कम ठरते बांधकामाच्या खर्चावर, जागेच्या भावावर नाही. आतलं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. समजा ६०० फूट आणि फुटाला १,५००, तर ९ लाख. घरसामान आपोआप त्याच्या २० टक्के धरतात, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत. म्हणजे इथे १ लाख ८० हजार, आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. सोनंनाणं हवं असेल तर वेगळं लिहावं लागतं. चांगली गोष्ट म्हणजे विमा थोडा कमी रकमेचा काढला म्हणून त्या प्रमाणात भरपाई कापत नाहीत.

आता आपल्या कामाचं.

आर्वी तालुक्यात दिवाळीपासून होळीपर्यंत अर्ध्या घरात कापूस असतो. भाव वाढेल या आशेवर समोरची खोली छतापर्यंत भरलेली, लेकरं पडवीत झोपतात. बाजूला तुरीचं कुटार, मागे पऱ्हाटीचा ढीग, वर उघडी वायर. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. ४० क्विंटल घरात असला तर ३,२४,४०० रुपयांचा माल झाला. वरच्या हिशोबातल्या सगळ्या घरसामानापेक्षा जास्त. आणि पॉलिसीत सामान म्हणजे काय? घरगुती वापराचं. पलंग, टीव्ही, फ्रीज, भांडी, कपडे. विकायचा कापूस घरगुती वापराचा नाही. सोयाबीनचे कट्टे, खताच्या बॅगा, बियाणं यांचंही तेच. ढोरांचा विमा वेगळा, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलचा वेगळा. पीकविमा घरात आणलेल्या मालापर्यंत येत नाही. वर्षाची कमाई ज्या चार महिन्यांत घरात पडून असते, त्याच चार महिन्यांत ती कोणत्याच कागदावर नसते.

शिवाय ओला कापूस आतल्या आत तापून पेटू शकतो. 

आणखी दोन ठिकाणी आपला माणूस फसतो. एक म्हणजे चोरी. आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच यात धरतात. लग्नाला गेले आणि कुलूप तुटलं, ते या विम्यात नाही, त्याला घरफोडीचा वेगळा विमा लागतो. दुसरं म्हणजे भेगा. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, भिंतीला चीर पडतेच. घर बसल्याने पडणाऱ्या नेहमीच्या चिरा आणि खराब बांधकाम यात येत नाही. शॉर्टसर्किटचं थोडं बारीक आहे: जी मोटार किंवा फ्रीज शॉर्ट झाला तो नाही, पण त्यातून आग पसरून घर जळलं तर ते येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही पॉलिसी शहरातल्या फ्लॅटकडे पाहून लिहिलेली दिसते. कास्तकाराचं घर हे घरही असतं आणि गोडाऊनही. छोट्या धंद्यांसाठी मालाचा विमा आहे, मग कास्तकाराच्या घरातल्या मालासाठी चार-पाच महिन्यांची जोडपॉलिसी काऊन नाही? पिकाला हप्ता भरणारा माणूस घरातल्या कापसाला भरणार नाही असं थोडीच आहे. कृषी सहायक आणि सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातली शास्त्रज्ञ मंडळी हे वाचत असतील तर त्यांना विनंती, फवारणीच्या सभेत दहा मिनिटं यावरही बोला.

तोवर एजंटला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर पॉलिसीवर लिहून मागा, तोंडी नको. गोठा धरला का? घराचा काही भाग कुडाचा, बांबूचा किंवा ताडपत्रीचा असेल तर तो कच्चा म्हणून वगळला का? आणि घरात माल साठवतो हे अर्जात लिहिलं का? तिसरं लपवू नका, भरपाईच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा तेच पाहतो.

नुकसान झालंच तर कंपनीला लगेच कळवा. आग असेल तर पोलीस आणि अग्निशमनला पण. तलाठ्याचा पंचनामा करून घ्या, मलबा उचलायच्या आधी फोटो काढा. दाव्याचा अर्ज नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत जायला पाहिजे. आणि पॉलिसीचा कागद कापसाच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका, एक झेरॉक्स भावाकडे किंवा साळ्याकडे असू द्या.