कराची किती दूर?

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि माणसाला प्रत्यक्षात कापावे लागणारे अंतर यांत तफावत असते, हे कोणीही मान्य करील. ती किती वाढू शकते हे पाहायचे असेल, तर मुंबई आणि कराची या दोन शहरांकडे पाहावे. हवाई मार्गाने त्यांच्यातले अंतर सुमारे ८८० किलोमीटर. म्हणजे मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ. जेट विमानाला त्यासाठी दीड-पावणेदोन तास पुरतात. परंतु २०१७ साली या मार्गावरील थेट सेवा थांबली. तेव्हापासून प्रवाशाने आधी पश्चिमेकडे दुबईपर्यंत एकोणीसशेहून अधिक किलोमीटर जायचे, तिथे ताटकळायचे आणि मग सुमारे बाराशे किलोमीटर मागे पूर्वेकडे यायचे. आठशे ऐंशीचे असे तीन हजारांवर होतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून टपालाची पोती घेऊन कराचीहून सकाळी साडेसहाच्या सुमारास निघाले. वाटेत अहमदाबादेस इंधन भरून दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. सव्वासात तासांचा हा प्रवास भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ मानला जातो. आज दुबईतला मुक्काम लांबला, तर त्या चिमुकल्या विमानाहून अधिक वेळ लागतो. नव्वद वर्षांच्या तांत्रिक प्रगतीचा हिशेब असा उलटा लागावा, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

ही जवळीक केवळ भूगोलाची नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील जुन्या, नामांकित शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे आणि फाळणीनंतरही तिथे थोडीफार मराठी कुटुंबे राहिली. ज्यांचे आप्त सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना लग्न किंवा मयत गाठायचे तर व्हिसाच्या खटाटोपावर या वळशाचा खर्चही सोसावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, २००८ चे हल्लेखोर कराचीहूनच आले होते. मग सुरक्षेचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा संतापही. पण ते समुद्रमार्गे चोरून आले होते, तिकीट काढून नव्हे. विमानाच्या प्रवाशाचे नाव, पारपत्र, सामान सारे आधीच तपासलेले असते. थेट सेवा नसल्याने अडतो तो हा नोंदलेला माणूस. चोरवाटेने येणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. अशा काळात थेट सेवेची अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे एवढेच की, तणावातला उपाय ही कायमची रीत होऊ नये.

टाटांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तेच उड्डाण कराचीहूनच पुन्हा केले. मधल्या काळात दोन्ही देशांत १९६५ आणि १९७१ ची युद्धे होऊन गेली होती; तरी तो मार्ग खुला होऊ शकला. तणाव ओसरल्यावर आठवड्यातून निदान एक विमान या मार्गावर उडावे, ही मागणी म्हणूनच आम्हांला अवाजवी वाटत नाही.