घरचे कपाट, परक्याची किल्ली

गेल्या तीन-चार दशकांत मध्यमवर्गीय मराठी घरांत एक भांडार नकळत साठत गेले आहे. मुंजी-लग्नांच्या चित्रफिती, आजोबांच्या आवाजात मुद्रित झालेली पोथी, गणेशोत्सवात सोसायटीच्या मुलांनी केलेली नाटुकली, संगीत नाटकांच्या कॅसेट, पैसे मोजून विकत घेतलेल्या गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या तबकड्या. कॅसेट वाजविणारी यंत्रे अडगळीत गेली, तबकड्या खराब होऊ लागल्या, तेव्हा अनेक घरांतील तरुणांनी हे सारे संगणकावर उतरवून घेतले. आता घराच्या एका कोपऱ्यात सदैव चालू असलेला एक संगणक ठेवायचा, त्यावर हा साठा ठेवायचा आणि तो दिवाणखान्यातील टीव्हीवर, आईच्या मोबाइलवर किंवा परदेशी गेलेल्या मुलाच्या घरी हवा तेव्हा पाहायचा, अशी सोय करता येते. यालाच घरगुती मीडिया सर्व्हर म्हणतात. त्यासाठी जुना संगणकही बहुधा पुरतो. मात्र साठ्याची सूची लावणारी आणि ज्या उपकरणाला जे स्वरूप मानवेल त्या स्वरूपात चित्रफीत पुरविणारी एक संगणकप्रणाली लागते. या प्रणालीसाठी पैसे मोजावेत की न मोजावेत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही.

या क्षेत्रात प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात. प्लेक्स सर्वांत परिचित. तिचा प्राथमिक वापर विनामूल्य आहे. अधिक सोयींसाठी मासिक, वार्षिक किंवा आजीव शुल्क भरावे लागते. २०२५ च्या एप्रिलअखेर कंपनीने ही शुल्के वाढविली. आजीव शुल्क सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेले. त्या वेळच्या दराने ही रक्कम एकवीस हजार रुपयांच्या घरात जाते. त्याच वेळी आणखी एक बदल जाहीर झाला. आपल्याच घरातील संगणकावरील चित्रफिती घराबाहेरून पाहण्याची जी सोय तोवर विनामूल्य होती, तिला शुल्क लागू झाले. म्हणजे चित्रफीत आपली, संगणक आपला, वीज आपली, इंटरनेटचे बिलही आपणच भरणार. परंतु नातवाच्या मुंजीची चित्रफीत पुण्याहून न्यू जर्सीत पाहायची, तर मधल्या दारावर शुल्क द्यायचे!

येथे कंपनीला दूषणे देण्याचे कारण नाही. तिच्याकडे पगारी माणसे आहेत, तिला खर्च आहेत आणि आपल्या मालाची किंमत ठरविण्याचा तिला अधिकार आहे. शिवाय ही प्रणाली वापरण्यास सोपी आहे, हेही मान्य करावे लागेल. सत्तरीच्या आजींना टीव्हीवर दोन बटणे दाबून कीर्तन ऐकता येते, ही सोय थोडी नव्हे. प्रश्न किमतीचा नसून किल्लीचा आहे. कपाट घरात असले, तरी त्याची किल्ली सामान्यतः कंपनीच्या खात्यातून फिरते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये या कंपनीच्या खातेदारांची माहिती चोरीस गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तर कोणी काय पाहिले याचा साप्ताहिक तपशील त्याच्या परिचितांना ई-मेलने जाऊ लागला आणि अनेक ग्राहक अस्वस्थ झाले. ‘आजीव’ या शब्दाचाही विचार करावा. हे आयुष्य ग्राहकाचे, की कंपनीच्या धोरणाचे? कंपनी उद्या विकली गेली किंवा तिने धंदा बदलला, तर एकवीस हजारांची पावती कोणापुढे धरायची?

घरातल्या कपाटाची गोष्ट राष्ट्राच्या पातळीवर नेली, की तिचे गांभीर्य ध्यानात येते. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. गुजरातेतील वाडिनारचा मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प या कंपनीचा आहे. निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कंपनीने सेवांचे पैसे भरलेले होते. तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि मग काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवरील उद्योगाचा पत्रव्यवहार परक्या भूमीवरील निर्णयाने थांबू शकतो, हा धडा त्या प्रसंगाने दिला. पैसे भरल्याने सेवा मिळते. स्वामित्व मिळतेच असे नाही.

या पार्श्वभूमीवर जेलीफिनचा जन्म उद्बोधक आहे. एम्बी या प्रणालीची मूळ संहिता पूर्वी सर्वांसाठी खुली होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ती बंदिस्त करण्यात आली. परंतु तोवर प्रसिद्ध झालेली संहिता मुक्त परवान्याखाली होती. ती घेऊन पुढे नेण्याचा अधिकार कोणालाही होता. काही स्वयंसेवकांनी तो बजावला आणि त्याच महिन्यात जेलीफिन उभी राहिली. तिला परवानाशुल्क नाही आणि कंपनीच्या खात्याची अटही नाही. उद्या तिचे आजचे चालक थकले, तरी दुसरे कोणी ती उचलू शकतात. ती भारतीय नाही, हे खरे. परंतु स्वदेशीचा गाभा वस्तूवरील शिक्क्यात जितका आहे, तितकाच आपल्या व्यवहाराची सूत्रे आपल्या हाती राहण्यात आहे. त्या कसोटीवर ही प्रणाली उतरते.

मग प्रश्न सुटला काय? येथेच आपल्या समाजाची एक खोड आडवी येते. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ आपण ‘फुकट’ असा लावतो. उत्सवाचा प्रसाद घ्यायला रांग लावायची आणि वर्गणीची पावती फाडताना दार लावून घ्यायचे, असा हा प्रकार आहे. चित्रफितींचे रूपांतर करण्याचे मुख्य काम या तिन्ही प्रणालींत एफएफएमपेग नावाच्या मुक्त संचावर चालते. फाब्रिस बेलार या फ्रेंच तंत्रज्ञाने २००० मध्ये त्याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या कार्यकर्त्यांनी तो जोपासला. शुल्क घेणाऱ्या कंपन्यांची इमारतही अशा निःशुल्क श्रमांवर उभी आहे. ते श्रम करणाऱ्यांनाही घरसंसार असतो. केवळ घेत राहणाऱ्यांच्या बळावर कोणतीही सार्वजनिक विहीर फार काळ पाणी देत नाही. तिचा गाळ कोणीतरी काढावा लागतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून पैसा फंड जमविला, लोकमान्य टिळकांनी त्या कार्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कोणा एका धनिकाने तो दिला नव्हता. ज्याला जे परवडेल ते त्याने दिले होते आणि त्या बदल्यात काचेचा पेला मिळावा, अशी अपेक्षा नव्हती. संघातील गुरुदक्षिणेचा भावही असाच आहे. तेथे दर नसतो आणि रकमेचा गवगवा नसतो, कर्तव्यबुद्धी असते. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रणालींसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा हीच परंपरा नव्या वेषात दिसली.

तेव्हा निर्णय असा करता येईल. ज्या घरात जुना संगणक आणि थोडी जिज्ञासा आहे, त्याने प्रथम मुक्त प्रणाली बसवावी आणि महिनाभर वापरून पाहावी. घराबाहेरून सुरक्षितपणे पोहोचण्याची व्यवस्था करण्यास जाणकार लागतो. अशा वेळी परिसरातील एखाद्या होतकरू तरुणाला बोलवावे आणि चहावर न भागविता त्याच्या कामाचे योग्य पैसे द्यावेत. वाचलेल्या शुल्काचा काही भाग दरवर्षी मुक्त प्रणालींच्या निधीला द्यावा. ज्याला पैसा देणे शक्य नाही त्याने श्रम द्यावेत. जेलीफिनच्या शब्दांची भाषांतरे स्वयंसेवकच करतात; तेथे शुद्ध मराठी शब्द पुरविणारा भाषाशिक्षक हा मोठाच दाता ठरेल. ज्या घरात हे काहीच जमण्यासारखे नाही, त्याने शुल्क भरून सोपी प्रणाली घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र मूळ साठा साध्या, कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा स्वरूपात ठेवावा आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरी असावी. डिस्क बिघडली, तर कोणतेही शुल्क आजोबांचा आवाज परत आणून देत नाही. आणि चोरून उतरविलेल्या चित्रपटांसाठी हा खटाटोप करावयाचा असेल, तर स्वावलंबनाचे नाव घेऊ नये.

पैसे द्यावेत का, याचे उत्तर ‘द्यावेत’ असेच आहे. फक्त ते दार उघडे ठेवणाऱ्याला द्यावयाचे, की दारावर नाका बसविणाऱ्याला, हे प्रत्येक कुटुंबाने डोळसपणे ठरवावे. पुढच्या पिढीच्या हाती पूर्वजांचा ठेवा सोपविताना त्याची किल्लीही सोबत असली पाहिजे.