चिठ्ठी कुणाची निघाली?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. आमच्या भिशीत 'आता भेटायचं कशाला, पैसे फोनवरूनच पाठवूया की' असा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत आधी हात मी वर केला होता.

कारणंही चोख होती. आम्ही बाराजणी. महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिला सहा हजार. त्या सहा हजारांसाठी दर महिन्याला एकीने सकाळपासून राबायचं. मागच्या वेळी अमकीने ढोकळा केला होता, मग आपण नुसते पोहे कसे ठेवायचे, हे टेन्शन वेगळंच. कुणाच्या नवऱ्याची नाइट शिफ्ट, तो आतल्या खोलीत झोपलेला, म्हणून सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. एखादी ऐनवेळी येतच नाही, तिचे पाचशे दुसरीने भरायचे. त्यापेक्षा फोन बरा. पाच मिनिटांत काम, चिठ्ठीसुद्धा म्हणे फोनच काढतो. अकरा हात वर गेले. बारावा का गेला नाही, ते पुढे सांगते.

आमचं लोटे मुंबई-गोवा हायवेवर, खेड आणि चिपळूणच्या मधे. इथून चिपळूणकडे निघालं की परशुरामाचा घाट, घाटात परशुरामाचं देऊळ, खाली वाशिष्ठी. एवढं सांगितलं की कोकणाचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. पण लोट्याची खरी ओळख आहे ती औद्योगिक वसाहतीची, आणि तीही बहुतेक रासायनिक कारखान्यांची. त्यामुळे आमच्या गल्लीत एक घर चिपळूणचं, शेजारचं सांगलीचं, पलीकडचं जळगावचं आणि वरच्या मजल्यावरचं थेट बिहारचं. पुरुषांची एकमेकांशी ओळख कंपनीच्या गेटवर होते. बायकांची कुठे होणार? भाजीच्या टेम्पोपाशी, शाळेच्या रिक्षापाशी, नाहीतर भिशीत.

तीन वर्षांपूर्वी जळगावकडची एक नवी नवरी आमच्या भिशीत आली. पहिले दोन महिने पोरगी तोंडातून अक्षर काढेना. पाचशेची नोट द्यायची, चहा प्यायचा, कोपऱ्यात बसायचं. तिसऱ्या महिन्यात भिशी वाडीतल्या एका घरी होती. मे महिना. त्या घरच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळ्या काकी म्हणत असू, पडवीत बसून फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवत होत्या. पोरीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "काकी, हे काय करता?"

"आगोटीची तयारी गो बाय."

"आगोट म्हणजे?"

आम्ही हसलो. एवढं पण माहीत नाही! आणि मग गंमत अशी झाली, की आगोट म्हणजे काय ते आम्हा इथल्या बायकांनासुद्धा धड सांगता येईना. पावसाच्या आधी भरून ठेवायचं ते. पण का भरायचं? कोपऱ्यावर दुकान आहे, चिपळूणला मॉल आहेत. शेवटी काकींनीच सांगितलं. पाऊस लागला की पऱ्ह्ये भरायचे, पलीकडच्या वाडीत जाता यायचं नाही. आगबोटी बंद व्हायच्या. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या, म्हणजे ताजी मासळी नाही. चार महिने घरात असेल तेच खायचं. मग आमसुलं, सुकी मासळी, कुळीथ, मीठ, सुकी लाकडं, आणि या आठळ्या. मातीत घोळवल्या की टिकतात, पावसात चुलीच्या निखाऱ्यात भाजून पोरांना द्यायच्या. काकी सांगत होत्या आणि त्यांची सून, पंधरा वर्षं त्याच घरात नांदलेली, आमच्याइतकीच डोळे मोठे करून ऐकत होती.

तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आत उकडतंय, खळ्यात बसा." पोरगी परत चकित. "खळं तर शेतात असतं!" तिच्याकडे खळं म्हणजे रानात पीक मळायची जागा. आमच्याकडे घरापुढचं सारवलेलं अंगण म्हणजे खळं, कारण भात झोडायचं ते तिथेच. सांगलीची म्हणाली, आमच्याकडेही शेतातच. बिहारच्या भाभीने तिच्याकडचा शब्द सांगितला. एका शब्दावर तासभर गेला. चिठ्ठी काढायचीच राहिली, ती निघताना घाईघाईने काढली.

त्या पोरीच्या पर्समध्ये किराणाच्या हिशोबाची छोटी वही होती. तिने तिच्या मागच्या पानावर लिहिलं, 'आगोट', 'खळं'. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, हौस आहे एकेकीची!

त्यानंतर दर भिशीला तिचा एक प्रश्न ठरलेला. तुमच्या गौरी तेरड्याच्या का? शिमग्यात पालखी घरोघर का येते? काही प्रश्नांना उत्तरं मिळत, काहींना नाही. पण उत्तर शोधायला बायका घरी जाऊन सासूला, आईला फोन करून विचारायला लागल्या. माझ्या आईने मला एका फोनमध्ये भातलावणीच्या दिवसांबद्दल जेवढं सांगितलं तेवढं माझ्या चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

सगळंच काही गोडगोड नव्हतं हं. एकदा विषय निघाला वासाचा. इथे राहणाऱ्यांना काय ते कळेल. काही रात्री हवेत असा वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तो वास कसा असतो? प्रत्येकीने वेगळं सांगितलं. एक म्हणाली रबर जळल्यासारखा, दुसरी म्हणाली सडक्या कोबीसारखा, तिसरीला त्यात कच्च्या लसणाची आठवण यायची. आणि मग एकीने, जी कधी चार वाक्यांच्या वर बोलत नाही तिने, सांगितलं की ती कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी वासाची वेळ लिहिते. मुलाला दम लागतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायला. वर्षभराच्या नोंदी! खाली दाभोळ खाडीतले मच्छीमार मासे मरतात म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत, ते पेपरात आपण वाचतो. पण आपल्याच गल्लीत एक बाई गुपचूप असं काही टिपून ठेवते आहे, हे भिशी नसती तर कुणाला कळलं असतं?

आता ओव्यांबद्दल. पावसाळ्यातली भिशी, लाइट गेलेले. जळगावच्या पोरीने तिच्या आजीकडून ऐकलेल्या बहिणाबाईंच्या गोष्टी काढल्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या, लग्न होऊन जळगावला आल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळता-कांडता, शेतात काम करताना गाणी सुचायची, ती म्हणायच्या. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी काही उतरून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जेवढं कुणीतरी कागदावर उतरवलं तेवढं आपल्यापर्यंत आलं. बाकीचं जात्याबरोबर थांबलं.

काकी अंधारातूनच म्हणाल्या, "आमी पण म्हनायचो."

आणि त्यांनी म्हटल्या. आवाज थकलेला, मधेच श्वास लागायचा. एक ओवी मुंबईला गेलेल्या भावाची होती, आगबोटीने दाभोळच्या बंदरात उतरणार म्हणून बहीण वाट बघते. एक मनिऑर्डरची. एक सासूची, ती ऐकून आम्ही इतक्या हसलो की त्यांची सून लाजली. पोरीने मोबाइलच्या उजेडात लिहून घेतल्या. त्या दिवशी पाच. पुढच्या दोन भिश्यांत आणखी नऊ. काकी म्हणायच्या, "आठवतील तशा सांगेन गो, घाई नको."

आणि मग आम्ही ठराव केला. फोनवर भिशी.

बारावा हात त्या पोरीचा होता. तिने विरोध केला नाही, वाद घातला नाही. नुसता हात वर केला नाही. मला वाटलं, हिला वेळच वेळ आहे, पोरंबाळं नाहीत अजून. तिला लोट्यात दुसरं कुठलं घर उघडं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पाच महिने भिशी अगदी व्यवस्थित चालली. एक तारखेला पैसे जायचे, दोन तारखेला नाव यायचं, बाकीच्या हात जोडल्याचं चित्र पाठवायच्या. एकदाही कुणाचे पैसे थकले नाहीत. ढोकळा नाही, दगदग नाही. श्रावणात काकी गेल्या.

भेटायला गेले तेव्हा सून म्हणाली, "दर महिन्याला विचारायच्या, भिशी कधी गो? मी सांगायची, आई, झाली. त्या म्हणायच्या, झाली कशी, कुणी आलं नाय ते?"

वहीत चौदा ओव्या आहेत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सहकारी बायकाही गावातल्याच. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या लोकांसमोर येत आहेत. लाखभर! मला ती संख्या वाचून आधी अभिमान वाटला, आणि मग आमच्या चौदा आठवल्या. दुसरीही एक गोष्ट त्या कामातून कळते. या ओव्या कुणी एकटीने बसून रचलेल्या नाहीत. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात, एकीने म्हटलं की दुसरीने पुढचं जोडायचं. पहाटेच्या त्या वेळी घरातलं कुणी उठलेलं नसायचं, म्हणून बोलायची मुभा होती. पिठाची गिरणी आली, हात मोकळे झाले, चांगलंच झालं. पुन्हा जातं ओढा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण दळण गिरणीवर गेलं तेव्हा ती दोघींची जागाही गेली, तिच्याऐवजी काय ठेवायचं याचा विचार कुणी केला नाही. तसंच आम्ही भिशीचं केलं.

आणि 'बायकांच्या गप्पा' म्हणून जे नाक मुरडलं जातं, त्याबद्दलही एकदा बोलायला हवं. पुण्यात १९२३ च्या सुमाराला काही कवी रविवारी चहाला जमू लागले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, अशी मंडळी. कविता वाचायच्या, टीका करायची, चहा प्यायचा. त्याचं रविकिरण मंडळ झालं आणि आपण सगळ्यांनी ते शाळेच्या पुस्तकात शिकलो. त्यात एक बाई होती, मनोरमाबाई रानडे. चहा तोच. पुरुष जमले की मंडळ, बायका जमल्या की टाइमपास! पारावर चार तास बसलेल्याला कुणी विचारत नाही, आज काय मिळवलंस म्हणून. आपण मात्र दोन तास बाहेर जायचं तर आधी कुकर लावून, पोरांचं खाणं काढून, 'भिशी आहे, पैशाचं काम आहे' असं कारण सांगून निघतो. खरं सांगू का, ते सहा हजार आमचं कारण होतं. घराबाहेर पडायचा पास होता तो. तो पास आम्ही आपल्या हाताने फाडला.

वह्यांबद्दल आणखी एक. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. त्याच्या बातम्या आल्या, मदत आली, आणि यायलाच हवी होती. पण त्याच पाण्यात घराघरातल्या पाककृतींच्या वह्या गेल्या, हदग्याच्या गाण्यांच्या गेल्या, माझ्या मावशीची रुखवताच्या उखाण्यांची वही गेली. मावशी म्हणाली, फ्रिज गेला, तो पुन्हा घेतला. वहीबद्दल ती अजून काही बोलत नाही.

गौरी-गणपतीनंतर आम्ही पुन्हा भेटायला लागलो. ठराव वगैरे केला नाही. मी फोन केले, जळगावची पोरगी दारोदार गेली. पैसे फोनवरूनच जातात, ते सोयीचं आहे, त्यात मागे जायचं कारण नाही. खाणं बंद, फक्त चहा, आणि चहाबरोबर बिस्किटाच्या वर काही ठेवलं तर दंड पन्नास रुपये. (दोघींनी आत्तापर्यंत हौसेने भरलाय.) ज्या घरी कुणी शिफ्ट करून झोपलेलं असेल त्या घरी भिशी नाही. प्रत्येकीने एक प्रश्न आणायचा, उत्तर माहीत असलेला चालणार नाही.

अकराजणी येतो. एकीला अजून वाटतं की हा वेळेचा अपव्यय आहे. ती तसं स्पष्ट सांगते आणि पैसे वेळेवर पाठवते. तिचंही घर चालतं, आमचंही चालतं.

नवी गाणीही होताहेत. फुगडीसाठी एक जुळवलंय, त्यात कंपनीचा भोंगा आहे, तीन शिफ्टचा नवरा आहे आणि २०११ पासून चाललेलं हायवेचं काम आहे. प्रत्येक फेरीला एक कडवं वाढवता येतं, कारण हायवेचं काम काही संपत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाभीने तिच्या बोलीतलं एक कडवं घातलंय, ते आम्हाला निम्मंच कळतं, पण ठेका पक्का बसतो. कालनिर्णयवालीने यंदा दोन कॅलेंडरं घेतली, एक दुधाला आणि एक वासाला. आता चौघी टिपतात आणि महिन्याला ताडून बघतात.

काकींच्या सुनेने परवा विचारलं, त्या ओव्यांत एका ठिकाणी 'तर' असा शब्द आहे, वाट बघणारी बहीण तरीवर उभी आहे, तर म्हणजे नक्की कुठली, आपल्या जवळपासची का? कुणालाच सांगता आलं नाही. दाभोळच्या बाजूला एकीची आत्या आहे, पंच्याऐंशीची. पुढची भिशी तिच्या घरी ठेवायची आहे. एसटी सकाळची आहे, चहा तिथेच.