जमिनीवरचे गरुड

हवाई दल म्हटले की आम्हा माकणीकरांना आकाशच आठवते. पण विमान बराच काळ जमिनीवर उभे असते, नि शत्रूला ते तिथेच सोपे! म्हणून २००४ साली हवाई दलाने तळांच्या रक्षणासाठी ‘गरुड’ कमांडो दल उभारले. २०१६ साली पठाणकोटच्या तळावर कॉर्पोरल गुरसेवक सिंग कामी आले. पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबरला, काश्मिरात हाजिनला आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे गरुड मिलिंद खैरनार धारातीर्थी पडले. हे नाव आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? तेरणेवरचे धरण आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तिथल्या चौकीदाराचे नाव कोण विचारतो? गुरुजनांनी इतिहासाचा एक तास या गरुडांना द्यावा. परीक्षेत प्रश्न येणार नाही, हे मान्य!